मित्राताई आणि शिळी उत्तरं

मित्राताईला कुणी काहीही सांगितलं, तरी तिचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "कधीची गोष्ट?"

लिफ्ट बंद आहे म्हटलं की, "कधीची गोष्ट?" खाली कॅन्टीनमध्ये आज कोथिंबीरवडी आहे म्हटलं, तरी "कधीची गोष्ट?" अमुक मुलगी नोकरी सोडून चालली आहे, हे तिच्या कानाशी लागून सांगायला गेलेल्या माणसालाही तेच. तो बिचारा म्हणायचा, "अगं, परवाच कळलं." मग ती खुर्ची मागे सारून म्हणायची, "परवाचं मला आज कशाला सांगतोस? जा, तिलाच विचारून ये." एकदा तर विचारायला गेलेला माणूस तोंड पाडून परत आला. मुलगी राहणार होती. पगार वाढवून मिळाला होता आणि ती पेढे वाटत होती.

तिचं पूर्ण नाव संघमित्रा पवार. परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. मी तिथे लागले तेव्हा कॉलेजातून नुकतीच बाहेर पडले होते. कंपनीचे मालक नितीन सर यांनी पहिल्याच दिवशी मला तिच्या शेजारच्या टेबलावर बसवलं आणि सांगितलं, "ह्या मॅडम सांगतील तसं कर." मी अदबीने "गुड मॉर्निंग मॅडम" म्हटलं. तिने हातातलं काम पुरं केलं आणि मग माझ्याकडे वळली. आखूड कापलेले केस, जाड काचांचा चष्मा, चुरगळलेला सुती कुर्ता आणि समोरच्याला जोखून बघणारे डोळे. "मॅडम नको," ती म्हणाली. "मॅडम म्हटलं की मला वाटतं माझाच गृहपाठ राहिलाय. ताई म्हण. नाव काय तुझं? अनघा? बरं अनघा, वेबसाइटची कॅश म्हणजे काय, माहीत आहे?"

मी परीक्षेसाठी पाठ केलेली व्याख्या घडाघडा म्हणून दाखवली. तिने ती शेवटपर्यंत ऐकून घेतली.

"बरोबर आहे. आता माझ्या आईला कळेल असं सांग."

मला काही सांगता येईना. तेव्हा तिनेच सांगितलं. "माझी आई भायखळ्याच्या मंडईत भाजी विकायची. गिऱ्हाईक काय दर वेळी नाशिकला जाऊन भाजी आणतं? आई मधे बसलेली असते. ती माल आणून ठेवते, लोक तिच्याकडून घेतात. कॅश तेच करते. मूळ सर्व्हरला हजारो लोक एकदम विचारायला लागले तर तो मान टाकतो. म्हणून मधे कॅश ठेवायची. ती एकदा उत्तर आणते, त्याची प्रत ठेवून घेते आणि पुढच्या माणसाला तीच प्रत देते. इथपर्यंत सोपं आहे. ही प्रत कुठवर द्यायची, ते अवघड."

"म्हणजे?"

"मेथी दुपारपर्यंत मलूल होते, कांदा महिनाभर राहतो. आईला ते हात लावला की कळतं. मशीनला हात नाहीत. म्हणून सर्व्हरने उत्तर देतानाच सोबत सांगायचं, की हे एवढा वेळ ताजं समज. तेवढा वेळ उलटला की उत्तर शिळं. आता नीट ऐक, शिळं म्हणजे चुकलेलं असं नाही. शिळं म्हणजे विचारल्याशिवाय द्यायचं नाही. कॅशने मूळ सर्व्हरला विचारायचं, बाबा, काही बदललं का? तो नाही म्हणाला, तर तीच प्रत पुन्हा ताजी. बदललं असेल तर नवीन घ्यायची."

"आणि सर्व्हरने काही सांगितलंच नसेल तर?"

ती एकदम खूश झाली. "हे तू विचारलंस म्हणजे तू इथे टिकशील. सांगितलं नसेल तर कॅश अंदाज करते. हे पान शेवटचं कधी बदललं, ते बघते. बरेच दिवस बदललं नसेल, तर अजूनही काही दिवस बदलणार नाही, असं धरून चालते. जितका काळ ते तसंच राहिलंय, त्याच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढा काळ ताजं समजते. बहुतेक वेळा अंदाज बरोबर निघतो." मग पुन्हा म्हणाली, "बहुतेक वेळा."

माझ्या सगळ्या इंजिनियरिंगमध्ये मला एवढं स्वच्छ कुणी काही शिकवलं नव्हतं.

हळूहळू आमची गट्टी जमली. आमचं घर गिरगावातलं, पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिलेलं. एका रविवारी मी तिला जेवायला बोलावलं. पानं वाढली, गप्पा सुरू झाल्या आणि माझ्या काकूने विचारलंच, "पवार म्हणजे कुठले गं तुम्ही?"

"भायखळ्याचे," मित्राताई म्हणाली.

"तसं नाही, मूळचे?"

"मूळचे रत्नागिरीकडचे. आम्ही बौद्ध आहोत." आणि त्याच सुरात पुढे, "काकू, बिरडं फार सुंदर झालंय. अजून थोडं वाढता?"

काकूच्या हातातला डाव क्षणभर तसाच राहिला. मग तिने बिरडं वाढलं. थोड्या वेळाने स्वतःहून, वालांना मोड आणताना कापड कसं ओलं ठेवायचं, ते सांगत बसली. मित्राताई मन लावून ऐकत होती आणि मधूनच शंका काढत होती. जिना उतरताना मी काहीतरी सारवासारव करायला लागले, तर तिने मला तिथेच थांबवलं. "तू कशाला कानकोंडी होतेस? त्यांनी विचारलं, मी सांगितलं. माझं घर सांगताना आवाज खाली घ्यायला मला आईने शिकवलेलं नाही."

ती आई मला पुढे भेटली. भायखळ्याच्या चाळीतली एक खोली, भिंतीवर बुद्धाची तसबीर, खिडकीत तुळशीच्या जोडीला ओव्याचं झाड. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा मित्राताई शाळेत होती, आणि त्यानंतर घर चाललं ते तिच्या आईच्या, इंदूमावशींच्या, भाजीच्या टोपलीवर. मावशी आता मंडईत जात नव्हत्या, पण घरात बसून सबंध मजल्याचा कारभार बघत होत्या. पोरीचं कौतुक तिच्या देखत करायचं नाही, असा त्यांचा कायदाच होता. माझ्यासमोर चहा ठेवून म्हणाल्या, "ही तिथं काय काम करते, तुला तरी सांगितलंय का नीट? मला म्हणते, शिळं बाजूला काढते. मी म्हटलं, बये, एवढी शिकलीस आणि शेवटी मंडईतलंच काम करतेस होय?"

"आई, तुझ्यापेक्षा माझा माल जास्त आहे," मित्राताई आतून ओरडली.

"आवाज पण जास्त आहे," मावशी म्हणाल्या.

आमच्या कंपनीला तेव्हा एक मोठं सरकारी काम मिळालं होतं. राज्यातल्या रक्तपेढ्यांमध्ये कोणत्या गटाचं रक्त किती शिल्लक आहे, ते लोकांना फोनवर दिसावं, अशी वेबसाइट. सगळा डोलारा मित्राताईने उभा केला. प्रत्येक रक्तपेढी आपला आकडा भरायची, तो मूळ सर्व्हरवर यायचा आणि कॅशमधून लोकांपर्यंत पोचायचा. नेहमीच्या रक्तगटांची पानं अगदी थोडा वेळ ताजी धरायची, मग कॅशने पुन्हा विचारलंच पाहिजे, असं तिने बांधून दिलं होतं. मागाहून रक्तपेढ्यांनी दुर्मीळ गटांसाठी वेगळं पान मागितलं. ते तिने एका दुपारी घाईत लिहून दिलं. त्यात एक गट होता, ज्याच्या नावातच आमचं शहर आहे. बॉम्बे ब्लड ग्रुप. साध्या तपासणीत तो 'ओ' वाटतो, पण ही माणसं अगदी थोडी आणि त्यांना दुसऱ्या कुणाचंही रक्त चालत नाही. एकमेकांचंच लागतं.

वर्ष उलटत आलं. एके दुपारी आम्ही जेवून उठत होतो आणि मदतीसाठी दिलेला फोन वाजला. मित्राताईने उचलला. परळच्याच एका रक्तपेढीतून डॉक्टर कर्णिक बोलत होत्या. आमच्याशी त्यांचं कामानिमित्त बोलणं व्हायचं, पण त्या दिवशी त्यांचा आवाज वेगळा होता. शीवच्या एका नर्सिंग होममध्ये बाळंतपणानंतर एक बाई रक्तस्रावाने खालावत चालली होती. तिचा गट बॉम्बे. नवऱ्याने आमची वेबसाइट उघडली, परळला एक पिशवी शिल्लक आहे असं बघितलं आणि नमुना घेऊन धावत आला. पिशवी सकाळीच दुसऱ्या इस्पितळात गेली होती.

"त्यांच्या फोनवर अजून एक दिसतेय," डॉक्टर म्हणाल्या. "मी सकाळी शून्य केलंय. माझ्याकडे शून्यच दिसतंय."

मित्राताईने उभ्या उभ्याच लॅपटॉप ओढला. मूळ सर्व्हरवर शून्य होतं, आणि लोकांना दिसत होतं त्या पानावर एक. तिने त्या पानाबरोबर जाणाऱ्या सूचना उघडल्या आणि तिचा हात थांबला. ताजं किती वेळ समजायचं, ते तिथे लिहिलेलंच नव्हतं.

मलाही एकदम कळलं. सूचना नाही म्हणून कॅशने अंदाज केला होता. ते पान महिनाभर बदललं नव्हतं, कारण ती पिशवी कुणाला लागलीच नव्हती. महिनाभर बदललं नाही, तर अजून दोन-तीन दिवस सहज चालेल, असं धरून कॅश सगळ्यांना जुनीच प्रत देत राहिली. जे सगळ्यांत कमी बदलतं त्याच्यावर तिने सगळ्यांत जास्त विश्वास टाकला होता.

मित्राताईने आधी ती प्रत काढून टाकली. पानावर शून्य आलं, ते स्वतःच्या फोनवर बघितलं, मग माझ्याही. नंतर फोन पुन्हा कानाला लावला. "डॉक्टर, आता बरोबर झालंय. मी येतेय." आणि मला म्हणाली, "तू इथेच बस. आपलं एकूणएक पान उघड. प्रत्येकाबरोबर काय सूचना जाते ते बघ. जिथे नाही तिथे घाल. मला विचारत बसू नकोस."

"पण तू तिथे जाऊन काय करणार ताई?"

"तो माणूस माझ्या पानावर विश्वास ठेवून आलाय. त्याला फोनवरून सॉरी म्हणू?"

तिथे जे झालं ते मला नंतर डॉक्टर कर्णिकांनी सांगितलं, कारण मित्राताईने कधीच सांगितलं नाही. तो माणूस बाकावर हातात फोन धरून बसला होता, ते पान पुन्हा पुन्हा उघडत. मित्राताई त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मी संघमित्रा पवार. हे पान मी लिहिलंय. यात चूक होती आणि ती माझी आहे." त्याने तिच्याकडे बघितलं. ओरडेल, अंगावर येईल, असं डॉक्टरांना वाटलं. तो एवढंच म्हणाला, "आता काय करायचं, ते सांगा."

डॉक्टर तोवर दात्यांना फोन लावत होत्याच. दोघेजण गावाला गेलेले, एक आजारी. शेवटी प्रभादेवीचे एक गृहस्थ मिळाले. दुकानाचं शटर अर्धं ओढून तसेच निघाले. त्यांना आणायला मित्राताईच टॅक्सी घेऊन गेली, म्हणजे त्यांचा वेळ टॅक्सी शोधण्यात जायला नको. रक्त घेतलं, तपासण्या सुरू झाल्या. तेवढा वेळ ती त्या नवऱ्याशेजारी बाकावर बसून राहिली. त्याला चहा पाजला. मुलगा झालाय की मुलगी, वजन किती, कुणासारखं दिसतं, असलं काहीबाही विचारत राहिली. मग बर्फाच्या पेटीतली पिशवी घेऊन दोघं शीवला गेली. बाई वाचली. दुसऱ्या दिवशी नर्सिंग होममधून तसा निरोप आला, तेव्हा मित्राताई ऑफिसात होती. तिने फोन खाली ठेवला, पाणी प्यायली आणि म्हणाली, "हं. आता लिहायला घेऊ."

लिहायचं होतं ते वेबसाइटवर टाकायचं निवेदन. त्यावरून नितीन सरांची आणि तिची जी जुंपली, ती सबंध ऑफिसने ऐकली. नितीन सर वाईट माणूस नव्हते. त्यांना कंपनी चालवायची होती, आणि हे काम गेलं असतं तर आमच्यापैकी निम्म्यांच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या असत्या.

"'तांत्रिक बिघाड' असं लिही आणि मोकळी हो," सर म्हणाले. "जग लिहितं."

"सर, बिघाड झालाच नाही. कॅशने नियमाप्रमाणेच काम केलं. तिला सांगायचं काम माझं होतं, ते राहिलं. एवढंच लिहायचंय."

"आणि तुझं नाव?"

"घालणार."

"अगं, कशाला? कुणी मागितलंय?"

"मग कुणाचं घालू, सर?"

सर खुर्चीत मागे टेकले. "मित्रा, उद्या कुणी विचारलं की एवढी चूक करणारी बाई तुम्ही ठेवलीच कशी, तर मी काय सांगू?"

"सांगा की तिनेच शोधून काढली."

निवेदन तिच्याच शब्दांत लागलं. साध्या मराठीत होतं आणि लहान होतं. कोणतं पान चुकलं, का चुकलं, त्याचा त्रास कुणाला झाला, आता काय बदललं, आणि खाली पूर्ण नाव. सरकारी कचेरीतून बोलावणं आलं. ती एकटी गेली. आम्ही सगळे दिवसभर दाराकडे बघत होतो. ती परतली ती वडापावची पुडकी घेऊन. "काम आपल्याकडेच राहिलं," म्हणाली. "तिथल्या साहेबांनी ते निवेदन दोनदा वाचलं. म्हणाले, इतकी वर्षं बिघाड बिघाड ऐकतोय, नेमकं काय बिघडलं ते पहिल्यांदा कळलं. बाकीच्या कंपन्यांनीही असंच लिहून द्यावं म्हणतात." नितीन सरांनी वडापाव घेतला, पण तिच्याकडे बघायला त्यांना दोन दिवस लागले.

दुसरं भांडण त्याहून मोठं होतं. कॅशची आणखी एक सोय असते. मूळ सर्व्हर बंद पडला आणि विचारायला कुणीच नसलं, तर शिळी प्रतच लोकांना देत राहायची मुभा तिला देता येते. साइट चालू दिसते, कुणाला काही कळत नाही. नितीन सरांना ती मुभा हवी होती.

"निदान काहीतरी दिसेल लोकांना," ते म्हणाले.

"बातम्यांचं पान असतं तर मीच दिली असती," मित्राताई म्हणाली. "कालची बातमी वाचून कुणाचं काही बिघडत नाही. आपल्या पानावरचा आकडा वाचून माणूस टॅक्सीत बसतो, सर. इथे शिळं द्यायचं नाही म्हणजे नाही. सर्व्हर बोलत नसेल तर स्वच्छ सांगायचं, सध्याची माहिती मिळालेली नाही, या नंबरवर फोन करा."

"आणि फोन कोण उचलणार?"

"आपण."

सर हसले. त्यांना वाटलं, ती गंमत करतेय.

ती गंमत करत नव्हती, हे आम्हाला कळलं ते त्यानंतर काही महिन्यांनी, एका सोमवारी. मूळ सर्व्हर जिथे ठेवला होता, तिथली वीज सकाळीच गेली आणि राखीव व्यवस्थाही कोलमडली. आमचं प्रत्येक पान कोरं झालं. वर एकच वाक्य आणि खाली आमचा नंबर. क्षणभराने फोन वाजला. मग दुसरा. मग थांबेचनात.

मित्राताई उठली. तिने मोठा पांढरा फळा ओढत खोलीच्या मधोमध आणला आणि त्यावर रकाने आखले. निम्म्या लोकांना रक्तपेढ्यांना फोन लावायला बसवलं, निम्म्यांना आलेले फोन घ्यायला. आकडा कळला की फळ्यावर लिहायचा, आणि प्रत्येक आकड्यापुढे तो किती वाजता विचारला ती वेळ. वेळ जुनी झाली की ती स्वतः डस्टर घेऊन आकडा पुसून टाकायची आणि ओरडायची, "परत विचार!" कुणी म्हणालं, "ताई, अर्ध्या तासात काय बदलणार?" तर ती म्हणायची, "ते तू ठरवायचं नाहीस. फोन लाव." हिशेब लिहिणारे गोखले काका, नव्याने आलेली डिझाइनवाली मुलगी, चहा घेऊन आलेला कॅन्टीनचा पांडू, सगळे फोनला. नितीन सर बाहेरून आले, दारात उभं राहून बघत राहिले आणि मग कोट काढून खुर्चीवर टाकत म्हणाले, "मला कुठला भाग?"

"तुम्हाला ठाणे," मित्राताई म्हणाली.

दुपारपर्यंत आम्ही तसेच बोलत होतो. एकाला घाटकोपर सांगितलं, एकाला वाशी, एकीला सांगितलं की निघू नका, आधी मी विचारते. रक्तपेढीला विचारून तिला सांगितलं की तिथे नाही, इथे आहे, तेव्हा ती रडायलाच लागली. मला आतून काहीतरी वेगळंच वाटत होतं. आमच्या कामाला चेहरा असतो हे मी पहिल्यांदा कानांनी ऐकत होते. वीज आली, सर्व्हर उठला, पानं भरली. मित्राताईने आधी पानावरचे आकडे फळ्याशी ताडून बघितले आणि मगच आम्हाला फोन खाली ठेवू दिले. तिचा आवाज पार बसला होता. ती खुर्चीत कोसळली, चष्मा काढून डोळे चोळले आणि एखादी टीम सामना जिंकून आत यावी तशी आमच्याकडे बघून हसली.

पुढच्याच आठवड्यात नितीन सर एका नव्या गिऱ्हाइकाशी फोनवर बोलत होते. "आमच्याकडे एक तत्त्व आहे," ते ऐटीत सांगत होते. "माहिती नसेल तर आम्ही नाही म्हणतो. चुकीची दाखवत नाही. पहिल्यापासून आमचं असंच आहे."

मी मित्राताईकडे बघितलं. तिने ओठांवर बोट ठेवलं. "राहू दे," ती अजूनही बसलेल्याच आवाजात पुटपुटली. "त्यांना पटलं ना? मग त्यांचंच असू दे."

मागच्या वर्षी तिला बंगळुरूहून बोलावणं आलं. जगभर ज्यांच्या कॅश बसवलेल्या आहेत, अशी एक मोठी कंपनी. कोणतं उत्तर किती काळ ताजं समजायचं, याचे निर्णय जिथे होतात त्या गटाची प्रमुख म्हणून. मुलाखतीत तिला विचारलं होतं, तुमच्या हातून झालेली मोठी चूक सांगा. तिने वेबसाइटवरचं ते निवेदनच उघडून त्यांच्यापुढे ठेवलं. मराठीत होतं, म्हणून वाक्यावाक्याचा अर्थ सांगत गेली. हे मला सांगताना तिच्या आवाजात लाज नव्हती, फुशारकीही नव्हती. माझ्या मात्र अंगावर मूठभर मांस चढलं.

इंदूमावशींनाही ती सोबत नेणार होती. मावशी म्हणत होत्या, आधी तू जा, घर बघ, पाणी किती वाजता येतं ते कळव, मग मी ठरवीन.

ऑफिसातल्या शेवटच्या दिवशी केक कापून झाला, सरांचं भाषण झालं. ते बोलता बोलता दोनदा अडखळले. मग मित्राताई मला म्हणाली, "चल, डॉक्टर कर्णिकांना भेटून येऊ. जायच्या आधी रक्त देऊन जाते. माझा गट साधाच आहे, पण असू दे."

डॉक्टरांनी तिला स्वतः आत नेलं. पलंगावर झोपवलं, हातात रबरी चेंडू दिला. तिथल्या तंत्रज्ञ बाई सुई लावता लावता डॉक्टरांना म्हणाल्या, "ह्या कोण?"

"वेबसाइटवाल्या. त्या पवार."

बाईंनी सुईवरची नजर काढली नाही, पण चेहरा उजळला. "तुम्हीच का? अहो, पूर्वी माणसं इथवर यायची आणि रिकाम्या हाताने परत जायची. रोज कुणाचं ना कुणाचं तोंड बघवायचं नाही. आता जो येतो त्याला मिळतं म्हणूनच येतो. आमचं काम सोपं केलंत हो तुम्ही."

मित्राताई छताकडे बघत चेंडू दाबत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "अनघा, माझा हात अडकलाय. एक फोटो काढ आणि आईला पाठव. बाई काय म्हणाल्या ते पण सांग तिला."

मी फोटो काढला. बाई बोलल्या ते जसंच्या तसं माझ्या आवाजात रेकॉर्ड करून त्याखाली पाठवलं. पिशवी भरत आली तेव्हा मावशींचा निरोप आला, आवाजातला. मी फोन मित्राताईच्या कानाजवळ नेऊन लावला.

"बघितला फोटो," मावशींचा आवाज आला. "सुकलीस. तिथून निघताना काहीतरी खा. आणि उशीर करू नको."

एवढं बोलून त्यांचं संपलं होतं, पण रेकॉर्डिंग बंद करायचं राहून गेलं होतं. पुढे भांड्यांचा आवाज आला, कुणाच्या तरी घरातला टीव्ही ऐकू आला, आणि मग मावशींचा आवाज, आता गॅलरीतून, चाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. "अगं ए शोभा! शेवंता! इकडं या गं, हे ऐका, दवाखान्यातली बाई काय म्हणते ते! माझ्या मित्रामुळं माणसांना रक्त मिळतं. माझ्या मित्रामुळं! मोबाइल धर नीट, थांब, मी लावते. माझी पोरगी आहे ती. भायखळा मंडईतल्या इंदूची पोरगी!"

तिथे निरोप तुटला.

मित्राताई छताकडेच बघत होती. चेंडू दाबायचं ती विसरली होती. तंत्रज्ञ बाईंनी हळूच आठवण करून दिली, तेव्हा तिने मूठ पुन्हा मिटली.

"परत लाव," ती म्हणाली.

मी परत लावला.